प्रस्ताव क्रमांक तीन: सध्या काही नाही

तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा सातच्या आसपास असणं अपेक्षित असताना तो अकरावर पोचला आहे, ही बाब एका मंगळवारी सकाळी खरेदीसाहेबांच्या निदर्शनास आणून देण्यात आली. आणून देणाऱ्या डॉक्टरीणबाई वयानं त्यांच्या मुलीएवढ्या होत्या आणि बोलायला सरळ होत्या. गोळ्यांनी जेवढं करायचं तेवढं केलं, आता दिवसभर मागे राहून संथपणे साखर सांभाळणारं, लांब पल्ल्याचं इन्सुलिन सुरू करायला हवं, असं त्यांनी सांगितलं. रोज एक इंजेक्शन, तेही पेनासारख्या दिसणाऱ्या वस्तूतून, पोटाच्या कातडीत.

अशी इन्सुलिनं त्यांच्याकडे दोन होती. पहिलं साधारण चोवीस तास पुरणारं. ते रोज ठरलेल्या वेळी घ्यावं लागतं. दुसरं एक दिवस ओलांडून पुढेही रेंगाळणारं. त्याची वेळ थोडी मागेपुढे झाली तरी निभावतं. "दोन्ही चांगली आहेत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "तुमच्या घरच्या वेळा बघा आणि कुठलं जमेल ते उद्या सांगा. पण याच आठवड्यात सुरू करा. डोळ्यांच्या पडद्यावर दोन ठिपके दिसायला लागलेत."

खरेदीसाहेबांनी हे सगळं लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि एकच प्रश्न विचारला. "तिसरं?"

तिसरं एक जुनं, मधल्या पल्ल्याचं असतं, पण ते मध्येच जोर धरतं आणि मग ओसरतं, तुमच्यासाठी मला ते नको आहे, असं उत्तर मिळालं. म्हणजे दोनच. खरेदीसाहेबांचा चेहरा पडला. अकराच्या आकड्यानं पडला नव्हता तेवढा पडला.

याचं कारण समजायला खरेदीसाहेब समजून घ्यायला हवेत. चौतीस वर्षं त्यांनी एका अवाढव्य कार्यालयाच्या खरेदी विभागात काढली होती. टाचणीपासून जनरेटरपर्यंत जे जे त्या इमारतीत आलं ते त्यांच्या सहीनं आलं, आणि तीन प्रस्ताव, एक तौलनिक तक्ता व एक समिती यांच्याशिवाय काहीही आलं नाही. निवृत्त होताना त्यांनी खुर्ची सोडली, नियम घरी आणला. घरातला सोफा चार वर्षं विचाराधीन होता. मंजुरी मिळाली तोवर सोफ्याच्या जागेवर कपाट येऊन बसलं होतं. मंजूर झालेला सोफा अजून फाईलमध्ये आहे आणि पाहुणे कपाटाला टेकून उभे राहतात.

त्यांची दुसरी ख्याती नजरेची होती. कराराच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लपवलेली अट त्यांना चष्म्याशिवाय दिसायची. वरिष्ठ अधिकारीसुद्धा बारीक छपाईचे कागद घेऊन त्यांच्या टेबलापाशी उभे राहत. निवृत्तीनंतर त्यांना दुसरा कसलाही छंद नव्हता; शेजाऱ्यापाजाऱ्यांची वॉरंटी कार्डं ते आवडीनं वाचत. त्याच डोळ्यांत आता दोन ठिपके होते. घरी येऊन त्यांनी नवी फाईल उघडली, वर 'दीर्घकालीन इन्सुलिनची निवड' असं सुबक अक्षरात लिहिलं, आणि ठिपक्यांची नोंद शेवटच्या पानावर 'इतर माहिती' या सदरात केली.

त्यांच्या पत्नीचं शिवणाचं दुकान घराच्याच पुढच्या खोलीत होतं. पडदे, गणवेश, लहान मुलींचे झगे, मोठ्या माणसांच्या पँटा सैल करणं आणि घट्ट करणं. दुकान नऊला उघडायचं म्हणजे नऊलाच उघडायचं. बत्तीस वर्षांत ताप, पाहुणे, नळाचं पाणी यांपैकी कशानंही त्याला पाच मिनिटं उशीर झाला नव्हता. खरेदीसाहेब मात्र त्या खोलीत कधी पाऊल टाकत नसत. काही सांगायचं असलं की दारात उभे राहून सांगत. ते आपलं अधिकारक्षेत्र नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

त्या दिवशीही ते दारातूनच म्हणाले, की डॉक्टरांनी दोन इन्सुलिनं सुचवली आहेत आणि लवकरच योग्य ती प्रक्रिया सुरू करण्यात येईल. पत्नीच्या ओठांत चार टाचण्या होत्या. तिनं त्या एकेक करून उशीवर खोचल्या आणि विचारलं, "प्रक्रिया म्हणजे? दोनातलं एक घ्यायचंय ना?"

एखादी गोष्ट घेणं आणि खरेदी करणं यांतला फरक बाहेरच्या माणसाला कळत नाही, हे खरेदीसाहेबांनी आयुष्यभर सोसलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेनऊ वाजता, दुकान उघडायला निघताना, पत्नीनं त्यांच्याकडे बघून एकच शब्द विचारला. "आज?"

"प्रकरण विचाराधीन आहे," खरेदीसाहेब म्हणाले.

गुरुवारी समिती स्थापन झाली. अध्यक्ष खरेदीसाहेब. सदस्य म्हणून पत्नीचे धाकटे भाऊ, जे लेखापरीक्षणातून निवृत्त झाले होते आणि ज्यांना भाची लाडानं हरकतमामा म्हणत असे. मामांनी नोकरीत असताना एका वर्षात सातशे बारा हरकती घेतल्याचा विक्रम होता आणि त्यांतल्या एकीवर तर त्यांनी स्वतःच पुन्हा हरकत घेतली होती. सदस्य-सचिव म्हणून मुलगी, जी दिवसभर घरातल्या घरात संगणकावर कुठल्याशा कंपनीसाठी आकड्यांचे तक्ते करत असे. पत्नीला मताधिकार नसलेली विशेष निमंत्रित असा दर्जा देण्यात आला. हे तिला कळवायला अध्यक्ष दारापर्यंत गेले. तिनं मान वर केली नाही.

पहिल्या बैठकीत हरकतमामांनी पहिली हरकत घेतली: आपल्याला काय हवं आहे हे ठरवल्याशिवाय ते कुठून घ्यायचं हे कसं ठरवणार? हे सगळ्यांना पटलं. मग गरजपत्रक तयार झालं. वस्तू दिवसाचे चोवीस तास काम करणारी असावी. काम मागे राहून करावं, पुढे पुढे करू नये. कामात चढउतार नसावेत. घरातले झोपलेले असतानाही काम चालू राहावं. आपण काम करत आहोत असा गवगवा करू नये. मुलगी एकेक कलम मोठ्यानं वाचत होती, आणि दुकानातल्या मशीनचा आवाज मध्येच थांबला.

"असं एक माणूस या घरात बत्तीस वर्षं आहे," आतून पत्नी म्हणाली. "त्याच्यासाठी कुणी समिती नेमल्याचं आठवत नाही."

विशेष निमंत्रितांचं मत नोंदवून घेण्यात आलं आणि चहा झाला, बिनसाखरेचा.

दुसऱ्या बैठकीत हरकतमामा तयारीनंच आले. लांब रेंगाळणाऱ्या इन्सुलिनबद्दल त्यांनी कुठूनसं वाचलं होतं, की त्याचा अंमल बेचाळीस तासांपर्यंत राहतो. दिवस चोवीस तासांचा. मग वरचे अठरा तास कोणत्या दिवसात दाखवायचे? आजचं इन्सुलिन उद्याच्या इन्सुलिनच्या वेळेत काम करणार असेल, तर त्याला मुदतवाढ कुणी दिली? आणि दोघांनी मिळून साखर उतरवली, तर श्रेय कुणाच्या नावावर? खरेदीसाहेबांनी मेहुण्याकडे प्रेमानं पाहिलं. असा माणूस सासरी मिळायला भाग्य लागतं, असं त्यांना मनापासून वाटलं. हे सगळे प्रश्न, आणखी चोवीसांची भर घालून, पत्रानं डॉक्टरीणबाईंना पाठवण्यात आले.

तीन दिवसांनी उत्तर आलं. एकूण सत्तावीस प्रश्नांना मिळून त्यात एकच ओळ होती: 'कुठलंही घ्या, पण आजच सुरू करा.' समितीनं हे उत्तर मुद्द्याला धरून नसल्याचा शेरा मारला आणि स्मरणपत्र पाठवलं.

तोवर प्रात्यक्षिक झालं. दवाखान्यातून सरावासाठी एक पेन मिळालं होतं. मुलीनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर एक संत्रं ठेवलं आणि त्यात सुई खुपसून दाखवली. अध्यक्ष त्या वेळी व्हरांड्यात होते. त्यांना अचानक एक महत्त्वाचा फोन आला होता, मात्र फोन टेबलावरच राहिला होता. इतिवृत्तात नोंद झाली, की संत्र्यानं कोणतीही तक्रार केली नाही. संत्र्याला लाभार्थ्याचा प्रतिनिधी मानता येईल का, अशी हरकतमामांची हरकत होती. ती पुढच्या बैठकीवर ढकलून संत्रं सोलण्यात आलं. अध्यक्ष फोन आटोपून लगेच आले, पण त्यांना दोन फोडींवर थांबवण्यात आलं.

इन्सुलिन थंड जागी ठेवावं लागतं, म्हणून शीतसाठवण व्यवस्थेची पाहणीही झाली. खरेदीसाहेबांनी फ्रिज उघडून कप्प्याकप्प्याची नोंद केली. दाराच्या वरच्या खणात त्यांना एक पत्र्याचा डबा आढळला. त्यावर पत्नीच्या अक्षरात 'बटणं' असं लिहिलं होतं. बटणं फ्रिजमध्ये का ठेवण्यात आली आहेत याचा खुलासा तीन दिवसांत करावा, अशी लेखी सूचना त्यांनी दुकानाच्या दारावर चिकटवली. खुलासा आला नाही. त्यांनी अहवालात लिहिलं, 'बटणांचा डबा, अयोग्य जागी', आणि खाली सही केली.

रोज पावणेनऊला पत्नी विचारत होती. "आज?" रोज नवं उत्तर तयार होतं. अहवाल प्रतीक्षेत आहे. सदस्य बाहेरगावी आहेत. आज सुट्टी आहे. ती उत्तर ऐकून घ्यायची, चपला घालायची आणि दुकान उघडायची.

खरी अडचण शेवटी तिथेच येऊन थांबली, जिथून ती निघाली होती. तौलनिक तक्त्याला तीन रकाने होते आणि प्रस्ताव दोन. तिसरा रकाना रिकामा ठेवला तर मामा फाईल पुढे जाऊ देईनात, आणि प्रस्ताव दोनच आहेत असं लिहायला खरेदीसाहेबांचा हात धजेना. अशा वेळी त्यांच्या जुन्या कार्यालयात एक रूढ मार्ग होता, आणि तो जिथे जिथे तीन प्रस्तावांचा नियम आहे तिथल्या सगळ्यांना पाठ असतो. तिसरा प्रस्ताव नसला, की एक भरतीचा प्रस्ताव लावायचा. तो कुणी स्वीकारणार नसतं, तो फक्त रकान्यासाठी असतो. एकदा मात्र अशाच एका भरतीच्या प्रस्तावाला सगळ्यांत जास्त गुण पडून गेले होते. अस्तित्वातच नसलेल्या त्या कंपनीला चारशे स्टुलांची मागणी गेली आणि कार्यालय पुढची दोन वर्षं तिला स्मरणपत्रं लिहीत उभं राहिलं. उभं राहिलं, कारण स्टुलं नव्हती.

"दाजी, भरतीचा लावून टाका," हरकतमामा म्हणाले. त्यांची ही पहिलीच सूचना होती, जिच्यावर त्यांची हरकत नव्हती.

त्याप्रमाणे प्रस्ताव क्रमांक तीन तयार झाला. नाव: सध्या काहीही न घेणे.

मुलीनं निकष आणि गुण संगणकात भरले. सुई लागते का? पहिल्या दोघांना लागते, तिसऱ्याला नाही. थंड जागा लागते का? तिसऱ्याला नाही. वेळ पाळावी लागते का? तिसऱ्याला नाही. साखर एकदम खाली जाण्याची भीती? तिसऱ्यात अजिबात नाही. प्रवासात बरोबर न्यायला सोपं? तिसरं सगळ्यांत सोपं. मुदत संपण्याची तारीख? तिसऱ्याला तीही नव्हती. शेवटी गुणांची बेरीज झाली. पहिल्याला एकाहत्तर, दुसऱ्याला चौऱ्याहत्तर, तिसऱ्याला शहाण्णव.

मुलीनं वडिलांकडे रोखून पाहिलं. साखर उतरते का, हा निकष यादीत नाहीये, असं तिनं सांगून पाहिलं. पण निकष बंद होऊन आठवडा झाला होता आणि त्यावर सगळ्यांच्या सह्या होत्या. आपण नियमाला बांधील आहोत, असं खरेदीसाहेब अत्यंत जड आवाजात म्हणाले. आवाज जड होता, पण छातीवरचा धोंडा उतरल्यासारखं त्यांना वाटत होतं आणि संध्याकाळभर ते गुणगुणत होते. प्रस्ताव क्रमांक तीन मंजूर झाला आणि त्याच दिवसापासून 'काही नाही'चा पुरवठा नियमित सुरू झाला. एक दिवसही खंड पडला नाही.

परिणाम दिसायला वेळ लागला नाही. खरेदीसाहेबांना सारखी तहान लागू लागली. भूकही लागे, आणि तरी कंबर कमी होऊ लागली. पँट खाली घसरायची म्हणून पत्नीनं ती दोन बोटं आत घेतली. आठवड्यानं पुन्हा घेतली. दर वेळी ती त्यांना व्हरांड्यात उभं करायची, टेपानं कंबर मोजायची आणि गिऱ्हाइकांची मापं लिहायच्या वहीत तारखेसह आकडा टाकायची. मोजताना ती गप्प असायची. बत्तीस वर्षांत त्यांनी तिला मोजताना गप्प पाहिलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या पोटावरून दोन शब्द सुनावल्याशिवाय तिचा टेप पुढे सरकत नसे.

बागेत सकाळी फिरणाऱ्या मंडळींनी मात्र ही घट डोक्यावर घेतली. तिथे वजन हा गेल्या दोन वर्षांतला एकमेव विषय होता. कुणी पहाटे गरम पाणी पीत होतं, कुणी दुपारी पाणीच पीत नव्हतं, एकजण उलटा चालत होता. पण तीन आठवड्यांत इतका उतरलेला माणूस त्यांनी पाहिला नव्हता. रहस्य काय, असं सगळे विचारू लागले. खरेदीसाहेब प्रामाणिक माणूस होते. आपण काहीच घेत नाही, असं त्यांनी सांगितलं. ही पद्धत लोकांना फार आवडली. त्यातल्या दोघांनी त्याच दिवसापासून काहीच न घ्यायला सुरुवात केली, आणि पुढच्या शनिवारी खरेदीसाहेबांचा जाहीर सत्कार ठरला.

सत्काराला ध्वनिक्षेपक होता. खरेदीसाहेबांना पुष्पगुच्छ देण्यात आला आणि तो दोन्ही हातांनी घ्यावा लागतो, एवढीच एक गोष्ट आयोजकांनी आधी सांगितली नव्हती. कमरेवरचा हात सुटताच पँट सुटली. त्यांनी ती चपळाईनं गुडघ्यांशी पकडली, आणि शरीर इतकं लवचीक झाल्याबद्दल टाळ्यांचा कडकडाट झाला. मग भाषण. भाषण त्यांनी घरून लिहून आणलं होतं. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला, जवळ आणला, लांब नेला. अक्षरं पावसात भिजल्यासारखी पसरली होती. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि आभार मानून खाली बसले. एवढं छोटं भाषण बागेत पूर्वी झालं नव्हतं, त्यामुळे तेही गाजलं.

घरी परतताना ते रस्त्यावरची प्रत्येक पाटी वाचायचा प्रयत्न करत होते. मोठ्या पाट्या कळत होत्या. पण मोठ्या पाट्या कुणालाही कळतात. हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. फाईलमध्येही लिहिलं नाही.

पुरवठा सुरू होऊन महिना झाला, की पुरवठादाराच्या कामगिरीचा अहवाल घ्यावा लागतो. हा नियम खरेदीसाहेबांनीच पंधरा वर्षांपूर्वी स्टुलांच्या प्रकरणानंतर घालून दिला होता, आणि मुलीनं तो फाईलच्या पहिल्या पानावरून नेमका उचलला. रविवारी सकाळी सव्वाआठला तिनं बैठक बोलावली. वार कुठलाही असो, दुकान नऊलाच उघडणार होतं, म्हणून पत्नीही दारात उभी होती. मुलीनं तक्ता भिंतीएवढा मोठा छापून आणला होता.

खरेदीसाहेब तक्त्यासमोर उभे राहिले. एक पाऊल पुढे गेले, दोन पावलं मागे आले. छपाई निकृष्ट आहे, म्हणाले. हरकतमामांनी तक्ता पाहिला, दाजींकडे पाहिलं, आणि आयुष्यात प्रथमच हरकत घ्यायची होती तरी घेतली नाही.

"मी वाचते, बाबा," मुलगी म्हणाली, आणि तिनं वाचलं. "प्रस्ताव क्रमांक तीन, काही नाही. पुरवठा नियमित. कंबर साडेतीन इंच कमी, पुरावा आईची वही. साखर परवा तीनशे बावीस. लाभार्थ्याची दृष्टी..." तिनं तक्त्यावरचं बोट उचलून पुन्हा टेकवलं. "लाभार्थ्याची दृष्टी: हा तक्ता वाचता येत नाही."

खरेदीसाहेब खुर्चीवर बसले. फाईल त्यांच्या मांडीवर होती आणि ती एकशे चाळीस पानांची झाली होती. ती सगळी पानं त्यांनी लिहिली होती आणि त्यांतलं एकही त्यांना आता वाचता येणार नव्हतं. त्यांना भीती वाटली. भीती त्यांना पहिल्या दिवसापासून वाटत होती, पण ती निराळी होती. ही तिच्याहून मोठी निघाली.

घड्याळात पावणेनऊ झाले.

"आज?" पत्नीनं विचारलं.

खरेदीसाहेब बराच वेळ फाईलची दोरी बोटाला गुंडाळत राहिले. "मला सुईची भीती वाटते," ते म्हणाले.

"माहीत आहे," पत्नी म्हणाली. "बत्तीस वर्षं तुम्ही टाचण्यांना घाबरून माझ्या दुकानाच्या दारात उभे राहता. मला वाटलं होतं, दोन दिवसांत म्हणाल. एकशे चाळीस पानं झाली."

ती फ्रिजपाशी गेली आणि बटणांचा डबा घेऊन आली. त्यात एकही बटण नव्हतं. दोन पेनं होती आणि डॉक्टरीणबाईंच्या अक्षरातला एक कागद. तो पहिल्याच आठवड्यातला होता. पत्नी तेव्हाच जाऊन आली होती. डॉक्टरीणबाईंनी तिला सत्तावीसांपैकी एकही प्रश्न विचारला नव्हता. तुमच्या घरात रोज, न चुकता, ठरल्या वेळी काय होतं, एवढंच विचारलं होतं. दुकान उघडतं, असं तिनं सांगितलं. मग ठरलेल्या वेळेचं, चोवीस तासांचंच घ्या, असं ठरलं. सगळं मिळून चार मिनिटं लागली होती. मात्र ते स्वतः हो म्हणतील तेव्हाच टोचायचं, जबरदस्ती नको, असंही डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. म्हणून डबा फ्रिजमध्ये वाट बघत बसला होता आणि साहेब त्याची पाहणी करून गेले होते.

आता मात्र ती आधी डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलली. परवाची साखर सांगितली, किती युनिट द्यायचं ते विचारून घेतलं, उद्या सकाळी दवाखान्यात घेऊन येते म्हणाली. मग तिनं नवऱ्याला दुकानात बोलावलं. खरेदीसाहेब उंबरठ्यावर थबकले आणि बत्तीस वर्षांत पहिल्यांदा आत गेले. आत एक छान खिडकी होती, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शर्ट वर करून त्यांनी डोळे गच्च मिटले आणि मुलीला भिन्नमताची नोंद तोंडी सांगायला सुरुवात केली. एक, ही कार्यवाही मंजूर प्रस्तावाशी विसंगत आहे. दोन, तीन प्रस्तावांचा नियम या ठिकाणी पाळला गेलेला नाही. तीन, इंजेक्शन देणाऱ्या व्यक्तीस मताधिकार नाही. चौथं कलम सुचेना म्हणून त्यांनी डोळे उघडले. पत्नी पाठमोरी उभी राहून मापांच्या वहीत आठ वाजून चोपन्न मिनिटं असं लिहीत होती. सुई डब्यात गेली होती. नऊला दुकान उघडलं.

पुढचं सगळं फारच साधं झालं, त्यामुळे फाईलमध्ये त्याला जागा मिळेना. डॉक्टरीणबाईंनी मात्रा थोडी थोडी करून बसवली. तहान कमी झाली. मापांच्या वहीत कंबर परत रुंद व्हायला लागली आणि पत्नी पुन्हा सुनावू लागली. बागेतल्या मंडळींनी खरेदीसाहेबांना वाया गेलेला माणूस ठरवलं. डोळ्यांतले दोन ठिपके तसेच राहिले, त्यांच्यावर आता नजर ठेवायची होती. पण अक्षरं हळूहळू जागेवर येऊन बसली. एका सकाळी त्यांनी इन्सुलिनच्या खोक्यातला, अनेक घड्यांचा, मुंगीएवढ्या अक्षरांचा कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला, आणि दुकानात, खिडकीपाशी बसून वाचला.

त्याच दिवशी त्यांनी फाईल बंद केली. बंद करताना विलंबाचं कारण लिहावं लागतं. चौतीस वर्षांत हजारो फाईलींवर त्यांनी ते लिहिलं होतं: प्रशासकीय, तांत्रिक, अपरिहार्य. या वेळी त्यांनी लिहिलं, 'विलंबाचे कारण: भीती वाटत होती.' आणि सही केली.

फाईल शेरा मारायला हरकतमामांकडे गेली. मामांनी ती ओळ दोनदा वाचली. हरकत घेतली नाही. त्यांनी शर्टाच्या खिशातून घड्या पडून पिवळा झालेला एक कागद काढला. तो त्यांच्या स्वतःच्या तपासणीचा होता, मागच्या वर्षीचा, आणि वर 'त्वरित भेटा' असं लिहिलेलं होतं. या कागदासाठी एखादी छोटी समिती नेमता येईल का, असं त्यांनी हळूच विचारलं. दुकानातून बहीण म्हणाली, "पावणेनऊला ये."

मामा आले. त्यांची चिंता आता नाही.

आपण इथवर हसत आलात, हे ठीकच झालं. पण तुमच्याही घरात एक खण आहे, बिलांच्या आणि जुन्या चाव्यांच्या खाली, आणि त्यात एक कागद आहे. तो कुठला ते तुम्हाला आत्ता, हे वाचतानाच, आठवलं. त्यावर काय करायचं याचा विचार तुम्ही गंभीरपणे करत आहात, माहिती गोळा करत आहात, चार जणांना विचारत आहात, आणि तोवर तिसरा प्रस्ताव मंजूर होऊन त्याचा पुरवठा तुम्हाला रोज, वेळेवर, एक दिवसही न चुकता होतो आहे.